अमेरिकेतील सैनिकी दफनभूमीत आपल्या माणसाच्या कबरीला पहिल्यांदा भेट देताना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आता अशी घरे सापडतात, ज्यांत जावयाचे आजोबा, सुनेचे वडील किंवा घरातलाच मुलगा अमेरिकी सैन्यदलात होता. अशा व्यक्तीचे निधन झाल्यावर तिचे दफन माजी सैनिकांसाठी राखलेल्या दफनभूमीत होऊ शकते, आणि मग वर्षातून एकदा तरी तिथे जाण्याची वेळ आपल्यावर येते. आपल्यापैकी बहुतेकांना कबरीला भेट देण्याचा घरचा सराव नसतो. काय न्यावे, कुठे उभे राहावे, कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे कोणी सांगितलेले नसते, आणि दुःखातल्या घरात ते विचारायला संकोच वाटतो.

माझे सासरे कोरियाच्या युद्धकाळात सैन्यात होते. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात मी एकटी त्यांच्या कबरीकडे गेले, तेव्हा मला फक्त त्यांचे घरचे नाव आणि दफनभूमीचा पत्ता ठाऊक होता. तो रविवार होता, कार्यालय बंद होते, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत एकसारख्या पांढऱ्या शिळांच्या सरळ ओळी होत्या. दीड तास हिंडल्यावर नणंदेला फोन केला, तेव्हा कुठे कबर सापडली. सूर्यास्ताला फाटक बंद व्हायचे होते, त्यामुळे ज्या माणसासाठी गेले होते त्याच्याजवळ मला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. म्हणून या लेखात मी सर्वाधिक भर एकाच गोष्टीवर देणार आहे: कबर शोधण्याचे काम घरी बसून पुरे करा, म्हणजे तिथला सगळा वेळ आपल्या माणसासाठी उरतो.

दफनभूमी नेमकी कोणाच्या ताब्यात आहे?

बाहेरून सगळ्या सैनिकी दफनभूमी सारख्याच दिसतात, पण त्यांचे व्यवस्थापन वेगवेगळ्या संस्थांकडे असते आणि नियमही त्याप्रमाणे थोडे बदलतात. यांतली सर्वांत मोठी व्यवस्था व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या नॅशनल सेमेटरी ॲडमिनिस्ट्रेशनची आहे. तिच्याकडे दीडशेहून अधिक दफनभूमी आहेत. यादवी युद्ध चालू असताना, १७ जुलै १८६२ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून या व्यवस्थेचा प्रारंभ झाला. १९७३ साली बहुतेक दफनभूमी लष्कराकडून या खात्याकडे आल्या. आर्लिंग्टन मात्र आजही लष्कराच्याच अखत्यारीत आहे. गेटिसबर्गसारख्या काही ऐतिहासिक दफनभूमी नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. याशिवाय राज्य सरकारांच्या स्वतःच्या दफनभूमी आहेत. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत राहणाऱ्या कुटुंबांना राइट्सटाउनजवळच्या ब्रिगेडियर जनरल विल्यम डॉइल दफनभूमीत जावे लागण्याची शक्यता अधिक असते, आणि ती राज्याच्या ताब्यात आहे. आपल्या माणसाची कबर यांपैकी कुठे आहे हे एकदा कळले, की त्या दफनभूमीचे संकेतस्थळ उघडून तिथले नियम वाचावेत. पंधरा मिनिटांचे हे काम पुढचे बरेच अवघडलेपण वाचवते.

नाव, विभाग आणि क्रमांक

व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या संकेतस्थळावर ‘नेशनवाइड ग्रेव्हसाइट लोकेटर’ नावाची शोधसेवा आहे. तीत आडनाव, पहिले नाव, शक्य असल्यास जन्माचे व मृत्यूचे वर्ष भरले, की दफनभूमीचे नाव, विभाग आणि कबरीचा क्रमांक मिळतो. राष्ट्रीय आणि राज्यांच्या दफनभूमींबरोबरच, १९९७ पासून सरकारी शिळा बसवलेल्या खासगी दफनभूमींतील कबरींचीही नोंद तीत असते. सैनिकाबरोबर दफन झालेल्या पत्नीचे किंवा पतीचे नावही तीत सापडते.

इथे आपली माणसे हमखास अडखळतात ती नावापाशी. अमेरिकन घरांत हाक मारण्याचे नाव आणि कागदोपत्री नाव यांचा वरवर पाहता काहीच संबंध दिसत नाही. बिल म्हणजे विल्यम, डिक म्हणजे रिचर्ड, पेगी म्हणजे मार्गारेट. माझ्या सासऱ्यांना सारे गाव जॅक म्हणून ओळखत असे आणि मी लोकेटरमध्ये जॅक हेच नाव घालून पाहिले होते. त्यांचे सैन्यातले नाव जॉन होते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सैन्यातल्या नोंदीचे पूर्ण नाव, मधले नाव आणि आडनावाची अचूक अक्षरे आधी लिहून घ्यावीत. स्त्रियांच्या बाबतीत लग्नानंतरचे आडनाव वापरून पाहावे, आणि पुनर्विवाह झाला असेल तर दोन्ही आडनावांनी शोधावे. नाव सापडलेच नाही, तर पहिले नाव गाळून फक्त आडनाव आणि मृत्यूचे वर्ष यांवर शोध घ्यावा. त्यानेही जमले नाही, तर कामकाजाच्या दिवशी सरळ दफनभूमीच्या कार्यालयाला फोन करावा. तिथले कर्मचारी असे फोन रोज घेतात आणि धीराने माहिती देतात.

घरात डिस्चार्जचा कागद, म्हणजे डीडी २१४, असेल तर अर्धे काम तिथेच झाले. तो नसेल तर सेंट लुईस येथील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे अर्ज करता येतो. मात्र हा अर्ज विधवा किंवा विधुर जोडीदार, आईवडील, मुले किंवा भावंडे यांनी करावा, कारण सून, जावई आणि नातवंडे यांना तिथे निकटचे नातेवाईक मानत नाहीत. सेवेतून बाहेर पडून ६२ वर्षे झालेल्यांच्या नोंदी मात्र कोणालाही मागवता येतात. १२ जुलै १९७३ रोजी त्या इमारतीला लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या, आणि १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के त्यात गेल्या. त्यामुळे एखाद्या आजोबांची फाईल मिळाली नाही, तर कुटुंबाने काही दडवले असा अर्थ कोणी काढू नये.

विभाग आणि क्रमांक हाती आल्यावर दफनभूमीचा नकाशा उतरवून घ्यावा, त्यावर विभागाभोवती पेनाने गोल करावा आणि तो कागदावर छापून न्यावा. मोठ्या दफनभूमी खरोखर फार मोठ्या आहेत. लाँग आयलंडवरील कॅल्व्हर्टन दफनभूमी हजार एकरांहून विस्तीर्ण आहे, आणि चुकीच्या फाटकाजवळ गाडी उभी केली तर वृद्ध माणसाला तेवढे चालवत नाही.

दिवस आणि वेळ

बहुतेक राष्ट्रीय दफनभूमी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत भेटीसाठी खुल्या असतात, परंतु कार्यालय सोमवार ते शुक्रवार, साधारण सकाळी आठ ते दुपारी साडेचार एवढ्याच वेळात उघडे असते. पहिली भेट शक्यतो कामकाजाच्या दिवशी ठेवावी. कार्यालय बंद असले तरी बाहेर बहुधा एक छोटे शोधयंत्र असते, ज्यावर नाव टाकले की विभागासह नकाशा छापून मिळतो. मला ते त्या रविवारी दिसले नव्हते, कारण अशी काही सोय असेल याचीच कल्पना नव्हती.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे आणि ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे या दोन दिवसांतला फरक लक्षात ठेवावा, कारण तो चुकला की सासरच्या माणसांना ते लागते. मेमोरियल डे हा लष्करी सेवेत प्राण गमावलेल्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. त्याची परंपरा ३० मे १८६८ रोजी पाळलेल्या डेकोरेशन डेपर्यंत मागे जाते. व्हेटरन्स डे हा सेवा केलेल्या सर्वांच्या, विशेषतः हयात असलेल्यांच्या, सन्मानाचा दिवस आहे. मेमोरियल डेला ध्वज दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो आणि दुपारी तीन वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता पाळली जाते. त्या शनिवार-रविवारी प्रत्येक कबरीपुढे एक छोटा झेंडा लावलेला असतो. ते दृश्य एकदा अवश्य पाहावे, पण पहिल्याच भेटीला तो दिवस निवडू नये. गाड्यांची रांग, भाषणे आणि गर्दी यांत कबरीजवळ निवांतपणा मिळत नाही. डिसेंबरमध्ये एका शनिवारी ‘रीथ्स अक्रॉस अमेरिका’ या उपक्रमातील स्वयंसेवक कबरींवर सदाहरित पानांची चक्रे ठेवतात. मदतीला हात हवे असतात, आणि मुलांना बरोबर नेण्यासाठी मला तो दिवस सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यांच्या हाती काहीतरी करण्यासारखे असते. चक्र ठेवताना शिळेवरचे नाव मोठ्याने उच्चारण्याची तिथे रीत आहे.

फुले आणि बाकीचे सामान

ताजी तोडलेली फुले वर्षभर केव्हाही ठेवता येतात. ती काचेच्या भांड्यात मात्र ठेवता येत नाहीत. पहिल्या भेटीत मी घरून निवडून आणलेली काचेची सुबक फुलदाणी हातात घेऊन उभी होते, तेव्हा गवत कापणाऱ्या एका कर्मचाऱ्याने यंत्र बंद केले, मला पाण्याच्या नळाजवळ नेले आणि तिथल्या पेटीतून हिरव्या प्लॅस्टिकचा एक निमुळता शंकू काढून दिला. त्याच्या खालच्या टोकाला खिळ्यासारखी अणी असते. ती शिळेसमोरच्या मातीत दाबायची, शंकूत पाणी घालायचे आणि फुले लावायची. असे शंकू बहुतेक ठिकाणी विनामूल्य मिळतात. हिवाळ्यात जमीन गोठून दगडासारखी होते आणि अणी आत जात नाही. अशा वेळी एखादा जाड स्क्रू-ड्रायव्हर गाडीत असला तर आधी भोक पाडून घेता येते. फुलांचे देठ घरूनच आखूड करून न्यावेत, कारण शंकू खोल नसतो आणि उंच फुले वाऱ्याने आडवी होतात.

कृत्रिम फुले आणि कुंडीतील रोपे यांना ठरावीक मुदतीतच परवानगी असते: कृत्रिम फुलांना थंडीच्या महिन्यांत, आणि कुंड्यांना बहुधा ईस्टर व मेमोरियल डे यांच्या आगेमागे काही दिवस. नाताळची चक्रे साधारण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उचलली जातात. या तारखा प्रत्येक दफनभूमीच्या फाटकाशी फलकावर लिहिलेल्या असतात. रोप जमिनीत लावणे, शिळेला हार किंवा दोरी बांधणे, मूर्ती किंवा फुटणारी वस्तू ठेवणे आणि कबरीवर दिवा तेवत ठेवणे यांना मनाई आहे. आपल्यासाठी यातली दिव्याची मनाई सर्वांत जड जाते. पणती किंवा उदबत्ती तिथे लावू नये; ती घरी फोटोपुढे लावून मग निघावे. खाद्यपदार्थही कबरीपाशी ठेवू नयेत. कोमेजलेली फुले आणि मुदत संपलेल्या वस्तू कर्मचारी उचलून नेतात, त्यामुळे ज्या वस्तूत जीव गुंतला आहे, जसे पदक, मूळ छायाचित्र किंवा त्यांच्या हातचे घड्याळ, ती तिथे ठेवून येऊ नये.

पिण्याच्या पाण्याखेरीज साध्या पाण्याची एक बाटली, मऊ सुती कापड, टोपी, आणि वृद्ध कोणी बरोबर असेल तर घडीची खुर्ची, एवढे पुरते. कुत्र्याला घरी ठेवावे; अपंगांच्या मदतीसाठी प्रशिक्षित केलेल्या कुत्र्यांनाच बहुतेक ठिकाणी आत घेतात.

आत गेल्यावर

गाडी अगदी हळू चालवावी, गवतावर चढवू नये आणि संगीत बंद करावे. विभागांचे क्रमांक रस्त्याच्या कडेला लहान खुणेच्या दगडांवर किंवा खांबांवर असतात. आपला विभाग आला की गाडी कडेला उभी करून जवळच्या दोन-तीन शिळांचे क्रमांक पाहावेत. हा क्रमांक बहुधा शिळेच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो, म्हणून ओळींच्या मागून चालणे सोयीचे. आकडे कोणत्या दिशेने वाढत आहेत हे कळले की उरलेले अंतर पाच मिनिटांत काटता येते.

कबरीवर पाय पडेल या भीतीने आपल्याकडची माणसे पहिल्या वेळी रस्त्यावरच थबकतात. ओळी इतक्या जवळजवळ असतात, की गवतावरून चालल्याशिवाय शिळेपर्यंत पोहोचताच येत नाही, आणि तसे चालणे अनादराचे मानले जात नाही. शिळेवर बसणे, टेकणे, तिच्यावर पिशवी ठेवणे किंवा मुलांना तिच्यावर चढू देणे मात्र कटाक्षाने टाळावे. पादत्राणे काढण्याची गरज नाही. काही विभागांत उभ्या शिळांऐवजी जमिनीलगत बसवलेले सपाट फलक असतात. तिथे मात्र खाली पाहून चालावे. अस्थिकलशासाठी भिंतीत केलेले कोनाडे असतील, तर प्रत्येक कोनाड्याच्या झाकणावर नाव असते, आणि फुलांसाठीची ठरलेली जागा त्या भिंतीजवळ असते.

नुकतेच दफन झाले असेल तर तिथे फक्त तात्पुरती खूण दिसते. कायमची शिळा बसायला साधारण दोन महिने लागतात, आणि तोवर माती खचलेली, गवत न उगवलेली असू शकते. हे आधी ठाऊक नसले तर बघणाऱ्याच्या मनाला फार लागते, म्हणून घरातल्या वडील मंडळींना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

शिळा वाचायची कशी

माझ्या मते या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि नवखी माणसे नेमका तोच घाईत उरकतात. संगमरवराची उभी शिळा ४२ इंच लांब, १३ इंच रुंद आणि ४ इंच जाड असते. तिचा बराच भाग जमिनीत पुरलेला असतो. सेनापती असो वा साधा शिपाई, सर्वांना याच मापाची शिळा मिळते.

सर्वांत वर श्रद्धेचे चिन्ह असते. क्रॉस आणि दाविदाचा तारा यांखेरीज खात्याने मान्य केलेल्या चिन्हांत ॐ आहे, शिखांचा खंडा आहे, आणि कोणतेही चिन्ह न घेण्याची मुभाही आहे. त्याखाली नाव, मग हुद्दा आणि दल. हुद्दे संक्षिप्त असतात: ‘पीएफसी’ म्हणजे प्रायव्हेट फर्स्ट क्लास, ‘एसजीटी’ म्हणजे सार्जंट. त्यानंतर युद्धाचे नाव. शिळेवर कोरिया किंवा व्हिएतनाम कोरलेले दिसले की तो माणूस तिथे लढला, असे आपण गृहीत धरतो. परंतु त्या युद्धकाळात कुठेही सक्रिय सेवेत असलेल्या सैनिकाच्या शिळेवर ते नाव कोरता येते. माझ्या सासऱ्यांच्या शिळेवर कोरिया आहे, आणि त्यांनी ती सगळी वर्षे जर्मनीत काढली. तेव्हा मुलांना शौर्यकथा सांगण्यापूर्वी घरात विचारून घ्यावे. त्याखाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि पदके: ‘पीएच’ म्हणजे पर्पल हार्ट, जे शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना किंवा मृत्यू पावलेल्यांना दिले जाते, आणि ‘बीएसएम’ म्हणजे ब्राँझ स्टार. एखाद्या शिळेवरची अक्षरे सोनेरी दिसली, तर ती मेडल ऑफ ऑनर मिळवलेल्याची आहे असे समजावे. शेवटच्या ओळीत कुटुंबाने निवडलेले दोन-चार प्रेमाचे शब्द असतात.

‘स्मरणार्थ’ या अर्थाची इंग्रजी ओळ सर्वांत वर कोरलेली असेल, तर त्या जागी देह नाही. समुद्रात बुडालेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा ज्यांचे अवशेष मिळाले नाहीत त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागात अशा शिळा उभारल्या जातात.

आता शिळेला वळसा घालून मागे जावे. सैनिकाच्या जोडीदाराला आणि अल्पवयीन मुलांना त्याच कबरीत जागा मिळू शकते, आणि उभ्या शिळेच्या मागच्या बाजूला त्यांची नावे कोरलेली असतात. मी पहिल्या वेळी समोरूनच नमस्कार करून परतले. माझ्या सासूबाईंचे नाव मागच्या बाजूला आहे, हे मला वर्षभराने कळले. ज्या बाईच्या हातची रजई आम्ही आजही थंडीत पांघरतो, तिच्यापर्यंत जाऊन मी तिला न भेटता आले, याची चुटपुट मला अजून आहे. दुसऱ्या वेळी मी फुलांचे दोन शंकू नेले, एक पुढे आणि एक मागे लावला, आणि नंतर कळले की नियमाप्रमाणे मागचा शंकू गवत कापताना अडसर ठरतो. आता दोघांची फुले एकाच शंकूत, पुढच्या बाजूला असतात, आणि मी मात्र दोन्ही बाजूंना थांबते.

कबरीजवळ

इथे कोणताही ठरलेला विधी नाही. कोणी हात जोडतात, कोणी शिळेच्या माथ्यावर तळवा ठेवतात, कोणी उकिडवे बसून घरची खबर सांगतात. माझा नवरा नातवंडांचे शाळेतले निकाल वडिलांना वाचून दाखवतो. आपण हळू आवाजात स्तोत्र म्हटले, गीतेतला एखादा श्लोक म्हटला किंवा नुसते शांत उभे राहिलो, तरी कोणी हरकत घेत नाही. शिळेवर पक्ष्यांची घाण किंवा गवताचे तुकडे असतील, तर साधे पाणी आणि मऊ कापड यांनी अलगद पुसावे. साबण, ब्लीच किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये. संगमरवर मऊ असतो आणि एका उत्साही घासण्याने अक्षरांच्या कडा कायमच्या बोथट होतात. काळे डाग किंवा शेवाळ दिसले तर कार्यालयाला कळवावे. ती सफाई तेच करतात.

शिळेच्या माथ्यावर नाणी ठेवलेली दिसली, तर ती उचलू नयेत आणि मुलांनाही उचलू देऊ नयेत. प्रचलित समजुतीनुसार एक सेंटचे नाणे म्हणजे ‘मी येऊन गेलो’. पाच सेंटचे म्हणजे ठेवणारा आणि मृत सैनिक एकत्र प्रशिक्षणात होते. दहा सेंटचे म्हणजे ते एकत्र सेवेत होते. आणि पंचवीस सेंटचे नाणे तो ठेवतो, जो त्या सैनिकाच्या मृत्यूच्या वेळी तिथे हजर होता. आपल्या माणसाच्या शिळेवर दहा सेंटचे नाणे दिसले, तर त्याचा कोणी जुना सोबती कधीतरी येऊन गेला असावा, एवढे आपल्याला त्यातून कळते. लहान खडे ठेवण्याची रीत ज्यू कुटुंबांतली आहे. तेही हलवू नयेत.

जवळपास अंत्यविधी चालू असेल तर

शववाहिका आणि मागून येणाऱ्या गाड्या दिसल्या की आपली गाडी बाजूला थांबवावी. चालत असू तर उभे राहावे आणि टोपी काढावी. विधी बहुधा एका छपराखाली, वीस-तीस मिनिटांत होतो; निदान दोन गणवेशधारी सैनिक ध्वजाची त्रिकोणी घडी करून तो कुटुंबाच्या हाती देतात, आणि बिगुलावर ‘टॅप्स’ची चोवीस सुरांची धून वाजते. ती कानावर पडल्यावर संपेपर्यंत स्तब्ध राहावे. बंदुकीच्या फैरी होण्याची शक्यता असते, म्हणून लहान मुलांना आधी सांगून ठेवावे. दुसऱ्या कुटुंबाच्या विधीचे छायाचित्र घेऊ नये.

आर्लिंग्टनला जाणार असाल तर

वॉशिंग्टनशेजारचे आर्लिंग्टन हे एकाच वेळी दफनभूमी आणि पर्यटनस्थळ आहे, म्हणून तिथल्या भेटीची तयारी वेगळी करावी लागते. १८६४ साली सुरू झालेल्या या ६३९ एकरांच्या भूमीत सुमारे चार लाख कबरी आहेत. ती रोज सकाळी आठ ते सायंकाळी पाच खुली असते आणि प्रवेश विनामूल्य आहे, परंतु प्रत्येक प्रौढाने छायाचित्र असलेले ओळखपत्र न्यावे, कारण दारावर सुरक्षा तपासणी होते. मेट्रोच्या ब्लू लाइनवर दफनभूमीच्या नावाचेच स्थानक आहे. इथे कोणाचे नातेवाईक दफन झाले आहेत हे स्वागत केंद्रात सांगितले, तर गाडी कबरीपर्यंत नेण्याचा परवाना मिळतो. बहुसंख्य पर्यटकांना ही मुभा नसते, आणि ज्यांना ती आहे त्यांनाच ती माहीत नसते. कबर शोधण्यासाठी ‘एएनसी एक्सप्लोरर’ हे दफनभूमीचे स्वतःचे ॲप वापरावे.

आपल्या माणसाची भेट आधी, मग बाकीचे, हा क्रम मी इथे आवर्जून पाळते. अज्ञात सैनिकाच्या समाधीपुढचा पहाऱ्याचा पालट एप्रिल ते सप्टेंबरमध्ये दर अर्ध्या तासाने आणि उरलेल्या महिन्यांत तासातासाने होतो. पहारेकरी एकवीस पावले टाकतो, एकवीस सेकंद थांबतो आणि वळतो. तिथून जवळच कोलंबिया अवकाशयानाचे स्मारक आहे, आणि त्यावर आपल्या कल्पना चावलाचे नाव आहे.

परदेशातील कबर

दोन्ही महायुद्धांत परदेशी मातीत राहिलेल्यांच्या दफनभूमी अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशन ही १९२३ साली स्थापन झालेली संस्था सांभाळते. फ्रान्समधील नॉर्मंडी आणि फिलिपिन्समधील मनिला ही त्यांतली ठळक नावे. मनिलात सुमारे सतरा हजार कबरी आहेत. नाताळ आणि १ जानेवारी सोडून या दफनभूमी रोज नऊ ते पाच खुल्या असतात. नातेवाइकांनी आगाऊ कळवले तर कर्मचारी स्वतः कबरीपर्यंत सोबत येतात. नॉर्मंडीत ते बादलीतून ओमाहा किनाऱ्याची ओली वाळू आणतात आणि शिळेवर कोरलेल्या अक्षरांत ती बोटांनी भरतात. पांढऱ्या संगमरवरावर एरवी फिकट दिसणारे नाव सोनेरी रंगात उठून येते, आणि मग छायाचित्र काढायला सांगतात. बेपत्ता सैनिकांची नावे भिंतींवर असतात. एखाद्या नावाशेजारी फुलासारखी छोटी खूण दिसली, तर त्याचे अवशेष पुढे सापडून ओळख पटली आहे.

परत आल्यावर

शिळेच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून त्याच दिवशी कुटुंबाला पाठवावीत, कारण आजारपणामुळे किंवा अंतरामुळे जाऊ न शकणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असते. नावात, तारखेत किंवा चिन्हात चूक आढळली, शिळा कललेली किंवा तडा गेलेली असली, तर छायाचित्रासह कार्यालयाला लिहावे. दुरुस्ती किंवा नवी शिळा यांचा खर्च कुटुंबावर पडत नाही. ‘व्हेटरन्स लेगसी मेमोरियल’ या खात्याच्या संकेतस्थळावर दफन झालेल्या प्रत्येक माजी सैनिकाचे स्वतंत्र पान असते आणि तिथे आठवणी व छायाचित्रे जोडता येतात. आपला जोडीदार माजी सैनिक असेल, तर दोघांच्या दफनाची किंवा अस्थी ठेवण्याची पात्रता हयातीतच निश्चित करून घेण्याचा अर्ज करता येतो. दहनानंतरच्या अस्थींनाही तितक्याच सन्मानाने जागा मिळते.

आणि जाण्याचा मार्ग लिहून ठेवावा, जसा आपण चाललो अगदी तसा. आमच्या घरी फ्रीजवर नणंदेच्या अक्षरातला एक कागद आहे. त्यावर विभाग आणि क्रमांक आहेत, आणि खाली लिहिले आहे: दुसऱ्या नळाशी गाडी लावा, मोठ्या ओकच्या डावीकडून सहावी ओळ, आईला भेटायला मागे जा.